कापसातला रुसवा

माझ्या मुलीचं लग्न इंग्रजीपायी मोडता मोडता राहिलं. मुलगा इंग्रजीत नापास होता असं कुणाला वाटेल, पण तो बिचारा चांगला पास होता. घोळ दोन बापांचा होता. एक मी, बाभुळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवणारा. दुसरे ढाणकीकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवणारे, आता माझे व्याही. एका जिल्ह्यात इंग्रजीचे कितीही मास्तर असोत, माझी हरकत नाही. त्यातले दोन एका मांडवात येऊ नयेत, एवढंच माझं अनुभवानं झालेलं मत आहे.

माझा आजार जुना. कुणी चुकीचं इंग्रजी बोललं किंवा लिहिलं की चपलेत खडा गेल्यासारखं व्हायचं आणि तो काढल्याशिवाय मला पुढे पाऊल टाकता यायचं नाही. आमच्या चौकातल्या कृषी केंद्राच्या पाटीवर 'पेस्टिसाइड'मध्ये 'सी'च्या जागी 'एस' रंगवलेला होता. येता-जाता मी दुकानदाराला तो बदलायला सांगायचो. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "गुरुजी, अळीले कुठं वाचता येते?" मी त्याच्याकडे जाणं सोडलं. तसं मला तिथे घ्यायचंही काही नसायचं, शेती माझे मोठे भाऊ बघत.

ती वर्षं कापसाला भाव नसल्याची होती. आमच्या जिल्ह्याचं नाव दिल्लीच्या पेपरात यायचं आणि चांगल्या कारणासाठी यायचं नाही. गावागावात सरकारी मदतीचा 'पॅकेज' हा शब्द जेवणापेक्षा जास्त वेळा तोंडात असायचा, आणि मी त्याचा उच्चार सुधारत हिंडायचो. संध्याकाळी वीज जायची. अख्खी गल्ली एका सुरात म्हणायची, "लोडशेटिंग झाली!" आणि अंधारातून माझा आवाज यायचा, "शेडिंग! शेडिंग! डी आहे त्यात!" वीज काही त्यामुळे आली नाही. बायकोचं मराठीही मी सोडलं नव्हतं. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' म्हणतात. लग्नानंतर काही वर्षं मी तिला 'जाते, करते' म्हणायला लावायचा उद्योग केला. एक दिवस ती म्हणाली, "मी माहेरी जातो. 'जाते' म्हणणारी दुसरी पाहून घ्या." तो उद्योग तिथे थांबला.

हे सगळं नुसत्या खोडीपायी नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असे. माझे वडील जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचे. ते मला म्हणायचे, "नीट शिक. आपल्यावर हासाले लोकं टपूनच असतात, त्यायले जागा देऊ नको." मी कॉलेजसाठी यवतमाळला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात 'इस्कूल' म्हणालो. वर्ग हसला. ते हसणं कानातून गेलं नाही. पुढे मी मास्तर झालो आणि बाकीच्या सगळ्यांच्या इस्कुलांच्या मागे लागलो.

मुलगी डी.एड. करून घरी आली होती. संध्याकाळी वीज गेली की आम्ही बाप-लेक ओट्यावर कंदील घेऊन बसायचो. नागपूरहून एस.टी.नं एक दिवस शिळा होऊन येणारा इंग्रजी पेपर ती मोठ्यानं वाचायची आणि मी थांबवायचो. प्रत्येक ओळीला थांबवायचो. "पुन्हा वाच. जीभ दाताला लाव. ओठ दुमड." आमच्या ओट्यावर एकही बातमी कधी शेवटपर्यंत पोचली नाही. कितीतरी मंत्री शपथ घ्यायच्या आधीच कंदिलाची वात संपून अंधारात गेले. ती कधी चिडली नाही. कधी कधी तर मुद्दाम चुकते की काय अशी शंका यायची, कारण चुकल्यावर ती माझ्याकडे तिरकं बघायची. पण कंदिलाच्या उजेडात माणसाचा चेहरा नीट कळत नाही, म्हणून मी ती शंका सोडून दिली. दिवसातला तो तास मला फार आवडायचा.

एकदा अशीच ओट्यावर तिनं पेपर खाली ठेवला आणि सांगितलं की डी.एड.ला तिच्याबरोबर असलेला एक मुलगा तिला पसंत आहे, आपल्याच समाजातला आहे, शिक्षणसेवक म्हणून लागला आहे. मी विचारलं, "वडील काय करतात?" ती म्हणाली, "तुमच्यावानीच. इंग्रजीचे सर हायेत." मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाली, "बाबा, मले पोरगा पसंत हाय. त्याच्या बाबाच्या इंग्रजीसंगं संसार नाही करायचा मले."

मला तेव्हा हसू आलं. तिला नव्हतं आलं.

पाहुणे बघायला आले. पोह्यांच्या बश्या हातात होत्या, गप्पा चांगल्या चालल्या होत्या. त्यांचं इंग्रजी नांदेडकडून आलेलं, माझं नागपूरकडून. बोलता बोलता ते म्हणाले, "आम्ही यवतमाळला ऑफ्टन येतो." माझ्या चपलेत खडा. मी स्वतःला धरून ठेवायचा प्रयत्न केला. बायकोनं पदराआडून डोळे वटारले. तरी मी म्हणालोच, "सर, त्यातला टी बोलायचा नसतो. करेक्ट प्रोनाउन्सिएशन 'ऑफन' असं आहे."

त्यांनी घास गिळला, बशी शांतपणे खाली ठेवली आणि म्हणाले, "सर, 'प्रोनाउन्सिएशन' नव्हे. 'प्रनन्सिएशन'."

बरोबर होतं त्यांचं. जन्मभर ज्या गोष्टीवरून लोकांना छळलं तिचं नावच मी चुकीचं घेत आलो होतो. तो माणूस मला त्या क्षणी आवडला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मला तो मुळीच आवडला नाही.

सोयरीक मात्र जुळली, कारण बाकी सगळे एकमेकांना आवडले होते. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, थंडीत भावाच्या गावी, आणि लग्न उन्हाळ्याच्या सुट्टीत, परीक्षा आटोपल्यावर असं ठरलं. म्हणजे सगळी थंडी आणि थोडा उन्हाळा मुलगी माझ्याकडे होती. मी मनातल्या मनात ओट्यावरच्या संध्याकाळी मोजून ठेवल्या आणि खूश झालो.

पण लग्नाची पत्रिका मध्ये आली. ती इंग्रजीतही छापावी यावर आम्हा दोन मास्तरांचं ताबडतोब एकमत झालं. आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांपैकी ती वाचणारे आम्ही दोघंच होतो. मतभेद झाला तो यवतमाळवरून. ते म्हणाले, जिल्ह्याचं नाव इंग्रजांच्या काळच्या जुन्या स्पेलिंगनं छापू, त्याला भारदस्तपणा आहे. मी म्हणालो, सरकारनं बदललंय, आजचंच छापायचं. यावर फोन सुरू झाले. ते शाळेसमोरच्या बूथवरून बोलायचे, मी एस.टी. स्टँडवरच्या. त्या काळी मिनिटामिनिटाला मीटर पळायचं आणि आम्ही एका गावाच्या स्पेलिंगवर भांडायचो. एकदा ते म्हणाले, "असंच असेल तर आपण पुन्हा विचार करू." मी विचारलं, "स्पेलिंगचा?" ते म्हणाले, "सगळ्याचाच." आणि फोन ठेवला.

हे मी घरी सांगितलं नाही. पण मुलाकडून मुलीला कळलंच. साक्षगंधाच्या दिवशी सकाळी बायको माझा कोट झटकत म्हणाली, "पोरीचं मन बसलं हाय त्याच्यावर. आज तुमचं इंग्रजी घरी ठेवून चाला." मी हो म्हणालो. वरच्या खिशातला लाल पेन मात्र काढायचा राहिला. तो खिशातून काढायची सवयच नव्हती.

भावाचं घर कापसानं भरलेलं होतं. आज ना उद्या भाव येईल म्हणून त्या वर्षी सगळ्यांनीच कापूस घरात ठेवला होता. माणसं ओसरीत झोपायची आणि पुढच्या खोलीत पुरुषभर उंच कापूस. साक्षगंध अंगणात, कापडी मांडव टाकून. बुद्धमूर्ती आणि तसबीर मांडली, वंदना झाली, मुलीला साडी-ओटी झाली. आलू-वांग्याच्या भाजीचा आणि बुंदीचा वास येत होता. मग मी पाहुण्यांचं स्वागत करायला उभा राहिलो. अजून पहिलंच वाक्य चालू होतं तेवढ्यात व्याह्यांनी पिशवीतून पत्रिकेचा छापलेला नमुना काढला आणि पाहुण्यांत फिरायला दिला. जुनं स्पेलिंग. न विचारता.

फिरत फिरत तो माझ्याकडे आला. माझं भाषण थांबलं. माझा हात आपोआप खिशाकडे गेला, आणि भरल्या मांडवात, उभ्या उभ्या, मी माझ्याच मुलीच्या लग्नपत्रिकेवर लाल पेनानं गोल केला. गोल करून समासात फुलीही मारली. सवय.

व्याही उठून उभे राहिले. "सर," ते मोठ्यानं म्हणाले, "पेन खिशात ठेवा. प्रोनाउन्सिएशन म्हणणाऱ्यानं दुसऱ्याच्या कागदाला लाल शाई लावू नये."

आणि मांडव हसला. कुणाला काही कळलं नव्हतं, पण एक मास्तर दुसऱ्या मास्तराला पकडतोय एवढं कळलं आणि ते पोट धरून हसले. मला यवतमाळचा तो वर्ग आठवला. कान तापले. "मंग तुम्हीच करा भाषण," असं म्हणून मी मांडवातून निघालो.

आता रुसण्याची पद्धत आमच्याकडे आहे, नाही असं नाही. रुसतो जावई, रुसतो नवरदेवाचा मामा. त्यांना मनवायचं असतं, टॉवेल-टोपी करायची असते. मुलीच्या बापानं रुसायचं कुठल्याच रीतीत बसत नाही. त्यामुळे मी रुसलो तेव्हा मला मनवायला कुणी यायचं हेच कुणाला सुचलं नाही. मी पुढच्या खोलीचं दार उघडलं, कापसावर चढलो आणि कमरेपर्यंत आत गेलो. पुन्हा वर यायला बघितलं तर आणखी खाली. म्हटलं, असू दे, रुसायला जागा बरी आहे.

कापसाच्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही. त्यामुळे मागे मांडवात काय झालं ते मला दिसलं नाही आणि ऐकूही आलं नाही. नवरदेवाकडचा एक म्हातारा "उठा मंग, चाला" म्हणत उभा राहिला होता, जोडे शोधायला लागला होता, आणि माझी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात खांब धरून उभी होती, हे सगळं मला नंतर सांगण्यात आलं.

थोड्या वेळानं दार उघडलं. व्याही. त्यांच्या बायकोनं त्यांना ढकलून पाठवलं होतं, "तुम्ही बिघडवलं, तुम्हीच समजूत काढा." ते वर चढले आणि माझ्यासमोर तसेच कमरेपर्यंत रुतले. बाहेरून कुणीतरी दार ओढून घेतलं. आम्ही दोघं समोरासमोर. हात बाहेर, पाय कुठे आहेत ते माहीत नाही.

"सर, मांडवात बोलायला नको होतं," ते म्हणाले.

"लोक हसले," मी म्हणालो.

त्यांनी बाहीवरची रुई वेचून काढली. मग म्हणाले, "मला नांदेडला होस्टेलात हसले होते. ठेसन म्हणालो म्हणून. आमच्या वस्तीतून शिकायला गेलेला मी पहिलाच. त्या रात्री जेवलो नाही."

मी म्हणालो, "माझं इस्कूल होतं."

दोघंही हसलो. मला खरंच बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस भेटला होता ज्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. समेट झालाच होता. पण मग ते म्हणाले, "ते सोडा, पण यवतमाळचं जुनं स्पेलिंग खरंच भारदस्त आहे हो." आणि मी म्हणालो, "कसं काय?" आणि आम्ही पुन्हा सुरू झालो. चांगले रमलो. रुई नाकात जात होती, अंगाला खाज सुटली होती, तरी कुणी हटेना.

दार उघडलं. माझे मोठे भाऊ उभे होते, डोक्याला फेटा. "या बाहेर," ते म्हणाले, "लगन हाय."

"कोणाचं?" मी विचारलं.

"तुह्या पोरीचं."

आमच्या भागात साक्षगंधाच्या मांडवातच लग्न लावून टाकायची एक पद्धत आहे. त्या वर्षांत ती वाढली होती, कारण दोन-दोन खर्च कुणालाच झेपत नव्हते. आणि आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. वंदना सांगणारे हजर, हार हजर, दोन्हीकडची माणसं हजर, जेवण तयार. पंचाईत फक्त दोन बापांची होती आणि ते कापसात बंद होते. दोन्हीकडच्या बायकांनी स्वयंपाकघरात ठरवलं, भावांनी होकार दिला.

"मले न विचारता?" मी म्हणालो.

"रुसलेल्याले कोण विचारते?" भाऊ म्हणाले. "उतर खाली."

आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते, म्हणून मुलगी तिच्या मामीची पांढरी साडी नेसून बसली होती. आम्ही दोघं व्याही डोक्यापासून पायापर्यंत रुईनं पांढरे होऊन मांडवात आलो, तर लोकांना वाटलं लग्नासाठी मुद्दाम पांढरे कपडे केलेत. वंदना सांगणाऱ्यांनी पालीतला एक उच्चार चुकवला. मी व्याह्यांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. दोघांनाही खडा लागला होता. दोघंही पहिल्यांदा गप्प बसलो. फुलं पडली, लग्न झालं.

दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात बातमी आली. कापसाच्या मंदीत दोन शिक्षकांनी अनावश्यक खर्चाला फाटा देऊन साक्षगंधातच विवाह लावला, समाजापुढे आदर्श ठेवला वगैरे. शाळेत शाल-नारळ देऊन माझा सत्कार झाला. मुख्याध्यापक म्हणाले की असे निर्णय घ्यायला धैर्य लागतं. मी मान खाली घालून नारळ घेतला. लोकांना वाटलं विनय आहे.

पण संध्याकाळी वीज गेली तेव्हा मी सवयीनं पेपर घेऊन ओट्यावर आलो, आणि मग कळलं. ती थंडी माझी होती. उन्हाळ्यापर्यंतच्या सगळ्या संध्याकाळी माझ्या होत्या. मुलगी आदल्या दिवशी सकाळी साक्षगंधाला म्हणून घरातून निघाली होती आणि घरी परत न येताच सासरी गेली होती. तिच्या ओढणीचा पिळा दोरीवर तसाच होता. न्हाणीत तिचा ब्रश होता.

बायको येऊन शेजारी बसली. मी म्हणालो, "एवढी घाई कायले केली तुम्ही?" माझ्या तोंडून 'कायले' गेलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

ती म्हणाली, "आमी नाही केली. तिनंच म्हटलं. 'आजच लावून द्या. उन्हाळ्यापर्यंत हे दोघं बाप सोयरीक काही राहू देत नाहीत.'"

मला फार लागलं ते. माझ्या मुलीला माझ्याच भीतीनं घाईघाईनं घर सोडावं लागलं होतं, आणि वर मी त्याबद्दल शाल पांघरली होती. मी त्या अंधारात ठरवलं की आता कुणाचीच चूक काढायची नाही. गल्लीत लोडशेटिंग झाली, मी गप्प. कृषी केंद्रावरून गेलो, मान वर केली नाही. बायकोला वाटलं मला ताप आहे.

मुलगी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा थंडी अजून होती. वीज गेल्यावर तिनं आपणहून कंदील लावला, पेपर घेतला, नेहमीच्या जागी बसली आणि वाचायला लागली. पहिल्या ओळीत एक चूक. मी गप्प. दुसऱ्या ओळीत दोन, तिसरीत तर तिनं पूर्ण शब्दाचं वाटोळं केलं. मी गुडघे घट्ट धरून बसलो. म्हटलं, वाचू दे पोरीला, एक तरी बातमी शेवटपर्यंत जाऊ दे.

ती थांबली. कंदील उचलून तिनं माझ्या तोंडापुढे धरला.

"बाबा, तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे. वाच."

"मंग थांबवत काहून नाही? मी इतक्या वेळची मुद्दाम चुकून राह्यली." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तिकडे सासरे बसवतात मले पेपर घेऊन. ते थांबवतात, तं तुमची आठवण येते."

मी तिच्या हातातला कंदील घेऊन खाली ठेवला. कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

"पुन्हा वाच," मी म्हणालो. "पहिल्या ओळीपासून. जीभ दाताला लाव."

ती बातमीही शेवटपर्यंत पोचली नाही.